पाटीवरचं नाव कुणाचं? : 'द बेरिअल' आणि मर्तिकाच्या धंद्यातला एक खटला

आजचा विषय ऐकून काहींनी आधीच विचारलं, की अमेरिकेतल्या अंत्यविधीच्या दुकानांचं आम्हाला काय? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे घरात मयत झालं की पहिला फोन नातेवाइकांना जातो, आणि दुसरा गल्लीतल्या त्या एका जाणत्या माणसाला, ज्याला सगळं ठाऊक असतं. सामान कुठून आणायचं, तिरडी कुणी बांधायची, दाखला कुठे मिळतो, भटजी कोण. स्मशान ग्रामपंचायतीचं नाहीतर पालिकेचं. 'मर्तिकाचे सामान मिळेल' अशी पाटी लावलेलं दुकान गावात एखादंच, आणि त्या दुकानदाराशी कुणी घासाघीस करत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. मरणाच्या दारात घासाघीस होत नाही. सगळा खटला, आणि त्या खटल्यावरचा चित्रपट, या एका वाक्यावर उभा आहे असं आम्हाला वाटतं.

चित्रपट आहे 'द बेरिअल'. 2023 साली आला, मॅगी बेट्स दिग्दर्शक, जेमी फॉक्स आणि टॉमी ली जोन्स प्रमुख भूमिकांत. अ‍ॅमेझॉन प्राइमवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याचा आधार आहे जोनाथन हार यांनी 1999 साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये लिहिलेला दीर्घ लेख. आज आपण तीन गोष्टी करू. आधी खटला काय होता ते नीट मांडू. मग चित्रपटाने त्यातलं काय उचललं आणि काय सोडलं ते बघू. आणि शेवटी, त्या निवडीमुळे आपल्या न्यायाच्या कल्पनेचं काय होतं, याबद्दल आमचं मत सांगू. मत तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

खटला

मिसिसिपी राज्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रकाठी बिलक्सी नावाचं शहर आहे. तिथे जेरेमाया ओ'कीफ यांच्या घराण्याचा अंत्यविधीचा व्यवसाय. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाचे वैमानिक होते, पुढे 1973 ते 1981 बिलक्सीचे महापौर होते, तेरा मुलांचे वडील होते. फ्युनरल होमच्या जोडीला त्यांची एक विमा कंपनीही होती. ती अंत्यविधीचा विमा विकायची. हा विमा म्हणजे काय, तर आपल्या भिशीसारखी थोडी थोडी रक्कम भरत जायची आणि मेल्यावर त्यातून पेटी, गाडी, जागा यांचा खर्च निघायचा. अमेरिकेच्या दक्षिणेत गरिबांमध्ये, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांमध्ये, या विम्याला फार मान होता. आपलं शेवटचं कार्य नीट व्हावं, लोकांपुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यामागची इच्छा.

दुसऱ्या बाजूला लोवेन ग्रुप. मुख्यालय कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या बर्नाबीला. प्रमुख रे लोवेन. ही कंपनी गावोगावची कौटुंबिक फ्युनरल होम विकत घेत सुटली होती. उत्तर अमेरिकेत या धंद्यातली ती दुसऱ्या क्रमांकाची साखळी होती. पहिली ह्यूस्टनची सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल. हे दुसरं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

लोवेनने मिसिसिपीत खरेदी सुरू केली आणि तिथे एका फ्युनरल होमशी ओ'कीफ यांचा विम्याबाबत आधीपासून असलेला करार मोडला गेला, अशी ओ'कीफ यांची तक्रार होती. दावा लागला. 1991 साली तडजोड ठरली. ओ'कीफ यांनी काही फ्युनरल होम द्यायची, लोवेनने आपली एक विमा कंपनी द्यायची. कागद झाले, पण लोवेनकडून ती तडजोड पुरी झाली नाही. चित्रपटाचं म्हणणं असं, की लोवेनने मुद्दाम वेळ काढला, म्हणजे म्हातारा पैशाच्या ओढाताणीत आपोआप बुडेल आणि मग सगळं कवडीमोलाने मिळेल.

खटला जॅक्सन शहरात, हाइंड्स परगण्याच्या न्यायालयात चालला. सात आठवडे. बारा ज्युरर, त्यांपैकी आठ कृष्णवर्णीय. न्यायाधीश जेम्स ग्रेव्हज, तेही कृष्णवर्णीय. ओ'कीफ यांच्या बाजूने फ्लोरिडाचे नामांकित वकील विली गॅरी.

आता आकडे ऐका, कारण आकड्यांतच खरी गोष्ट आहे. वादातले करार ओ'कीफ यांच्याच हिशोबाने 9 लाख 80 हजार डॉलरचे. अदलाबदलीतली दोन फ्युनरल होम 25 लाख डॉलरची, आणि बदल्यात मिळायची विमा कंपनी साधारण 40 लाखांची. म्हणजे सगळा मामला काही लाख डॉलरांचा. नोव्हेंबर 1995 मध्ये ज्युरीने आधी 26 कोटी डॉलर दिले. न्यायाधीश म्हणाले, दंडाच्या रकमेचा विचार वेगळा पुरावा ऐकून करायला हवा. तो ऐकला आणि ज्युरीने आकडा वाढवून 50 कोटी केला. त्यातले 40 कोटी निव्वळ शिक्षा म्हणून, साडेसात कोटी मानसिक त्रासाबद्दल.

लोवेनला अपील करायचं होतं. मिसिसिपीच्या नियमाप्रमाणे अपील चालू असताना वसुली थांबवायची तर निकालाच्या सव्वापट रकमेचा बाँड भरावा लागे. म्हणजे साडेबासष्ट कोटी डॉलर. ही अट सैल करण्याचा अधिकार न्यायालयाला होता, पण ना खालच्या कोर्टाने केली, ना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने. बाँड भरायला मिळाले सात दिवस. जानेवारी 1996 मध्ये लोवेनने तडजोड केली. काही रोख, काही शेअर, काही वर्षानुवर्षांचे हप्ते, असं मिळून सुमारे साडेसतरा कोटी डॉलर.

चित्रपटाची गोष्ट इथे संपते. टाळ्या.

चित्रपट काय करतो

आधी श्रेय देऊ. जेमी फॉक्सचा विली गॅरी बघण्यासारखा आहे. तो कोर्टात बोलतो ते चर्चमधल्या प्रवचनासारखं. ताल धरतो, थांबतो, समोरच्याकडून हुंकार मागतो. आपल्याकडे कीर्तनकार बुवा श्रोत्यांना जसे हातात घेतात तसंच. टॉमी ली जोन्स त्याच्या अगदी उलट. तो जवळजवळ बोलतच नाही. अपमान गिळलेल्या माणसाचा चेहरा त्याने असा धरलाय, की साक्षीपेक्षा तो चेहरा जास्त बोलतो. या दोघांची मैत्री चित्रपटाचा जीव आहे, आणि ती खोटी वाटत नाही.

दुसरं श्रेय असं, की गोरा मालक वाचवायला काळा वकील आणायचा, कारण ज्युरी काळी असणार, हा हिशोब चित्रपट लपवत नाही. तो हिशोब पात्रांच्या तोंडी घालतो, त्यावर त्यांना अवघडवतो. ओ'कीफ यांच्या जुन्या वकिलाच्या मनात खोल रुतलेला वर्णभेदही तो उघडा करतो. एवढं प्रामाणिकपण अशा लोकप्रिय चित्रपटात सहसा सापडत नाही.

आता तक्रारीकडे येऊ.

लोवेनच्या बाजूची हुशार कृष्णवर्णीय वकील, मेम डाउन्स, हे पात्र कल्पित आहे. जर्नी स्मोलेटने ते फार छान केलंय. कल्पित पात्र घालायला आमची हरकत नाही, ते दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य. पण ते कशासाठी घातलं ते बघा. गॅरीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. खटला मग दोन वकिलांची कुस्ती होतो, आणि कुस्ती झाली की आपण फक्त कोण कुणाला चीत करतो ते बघतो. वाद मुळात कशावरून होता, हे विसरतो.

खुद्द लोवेनचं उदाहरण घ्या. चित्रपटात तो भेटतो आलिशान बोटीवर, पैशात लोळणारा, मरणाला बाजारपेठ समजणारा माणूस म्हणून. त्यातलं पुष्कळ खरंही असेल. पण रे लोवेन हा मॅनिटोबातल्या स्टाइनबाख नावाच्या गावातला. त्याच्या वडिलांचं तिथे फ्युनरल होम होतं. म्हणजे तोही कौटुंबिक व्यवसायातूनच आला! 'कुटुंब विरुद्ध कंपनी' ही मांडणी तिथेच डळमळते. ओ'कीफही काही टपरीवाला नव्हता. माजी महापौर, विमा कंपनीचा मालक. एका बाजूला मध्यम मालक, दुसऱ्या बाजूला अतिविशाल मालक, आणि दोघांचं भांडण कोणाच्या ताब्यात कोणतं गिऱ्हाईक जाणार यावर. मग गिऱ्हाईक कुठे आहे?

ते गिऱ्हाईक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. लोवेनने नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या चर्च-संघटनेशी करार केला होता. त्यांच्याच माणसांकरवी त्यांच्याच भाविकांना अंत्यविधीच्या योजना विकायच्या. ज्याच्यावर विश्वास, त्याच्याच हातून विक्री. चित्रपटात गरीब माणसं येऊन सांगतात, की आमच्याकडून किती पैसे घेतले. तो प्रसंग पाहताना आम्हालाही गलबलून आलं. पण नंतर वाटलं, की ही माणसं वादी नाहीत. त्यांच्या दुःखाचा वापर झाला तो दुसऱ्याचा दावा भक्कम करायला. त्यांनी जास्तीचे भरलेले पैसे परत मिळावेत, असं या खटल्यात कुणी मागितलेलंच नव्हतं. साडेसतरा कोटींत त्यांचा वाटा नव्हता.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांची फ्युनरल होम काळ्यांचं प्रेत हाताळत नसत. त्यामुळे कृष्णवर्णीयांची स्वतःची फ्युनरल होम उभी राहिली. गोऱ्या गिऱ्हाइकावर न जगणारा जो थोडा वर्ग होता, त्यात हे व्यावसायिक होते, आणि म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीला त्यांचा आधार मिळाला. 1955 साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. त्याच्या आईने शिकागोत पेटी उघडी ठेवायचा आग्रह धरला. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाने बघू दे, ही त्यामागची जिद्द. हजारो लोकांनी ते बघितलं, छायाचित्रं छापून आली आणि देश हादरला. त्या मातीत अंत्ययात्रा ही राजकीय गोष्ट आहे. जॅक्सनच्या ज्युरीतल्या माणसांना हे सांगावं लागलं नसेल. हा सगळा वारसा चित्रपटाच्या कडेकडेने जातो, मध्यभागी येत नाही. तो मध्यभागी आला असता तर चित्रपट वेगळा झाला असता, आणि आमच्या मते मोठा झाला असता.

खटल्यानंतर

आता पडदा पडल्यानंतर काय झालं ते बघू.

सप्टेंबर 1996 मध्ये त्या पहिल्या क्रमांकाच्या साखळीने, सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनलने, लोवेनला गिळायचा प्रयत्न केला. लोवेनने नकार दिला आणि कर्जं काढून आणखी खरेदी केली. 1998 मध्ये रे लोवेनला स्वतःच्याच कंपनीच्या प्रमुखपदावरून जावं लागलं. जून 1999 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. 2002 च्या सुरुवातीला ती 'ऑल्डरवुड्स' या नव्या नावाने, अमेरिकी कंपनी म्हणून उभी राहिली. आणि 2006 साली ऑल्डरवुड्सला कुणी विकत घेतलं? त्याच सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनलने.

म्हणजे बघा, छोट्याने मोठ्याला हरवलं, आणि हरलेल्या मोठ्याला त्याहून मोठ्याने खाल्लं. साखळ्यांची पकड या विजयाने सैल झाली नाही. दोन मोठ्या माशांचा एक झाला. चित्रपट ज्याला विजय म्हणतो, त्याची ही शेपटी आहे.

आणि एक शेपटी आहे, ती तर विलक्षणच. ऑक्टोबर 1998 मध्ये लोवेनने अमेरिकेच्या सरकारवरच दावा लावला. उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारात, म्हणजे नाफ्तामध्ये, परदेशी गुंतवणूकदाराला अशी सोय होती. लोवेनचं म्हणणं, मिसिसिपीच्या कोर्टात आम्हाला परके म्हणून, श्रीमंत म्हणून, वंशाच्या नावाने झोडपलं, न्याय मिळाला नाही, आमचे साडेबहात्तर कोटी डॉलर द्या. तीन जणांचा लवाद बसला. ऑस्ट्रेलियाचे माजी सरन्यायाधीश सर अँथनी मेसन, ब्रिटनचे लॉर्ड मस्टिल आणि अमेरिकेचे माजी न्यायाधीश अ‍ॅबनर मिक्वा.

26 जून 2003 ला निवाडा आला. लवादाने त्या खटल्यावर फार कडक ताशेरे ओढले. ओ'कीफ यांच्या वकिलांनी परदेशीपणा, वर्ण आणि वर्ग या तिन्ही गोष्टी उकरून ज्युरीला भडकवलं, आणि न्यायाधीशांनी ते थांबवलं नाही. हा खटला आणि त्याचा निकाल न्यायाच्या किमान मापालाही उतरत नाही, असा त्यांचा अभिप्राय. एवढं म्हणून लवादाने लोवेनला एक छदामही दिला नाही! कारण दोन. एक, तिथल्या न्यायव्यवस्थेतले सगळे मार्ग संपवल्याचं लोवेनने सिद्ध केलं नाही. दुसरं, दिवाळखोरीतून बाहेर पडताना कंपनी अमेरिकी झाली होती. परदेशी असल्याबद्दल तक्रार करणारी कंपनी निकालाच्या वेळी परदेशीच उरली नव्हती.

चित्रपट पाहताना ज्या भाषणांवर आपण टाळ्या वाजवतो, त्याच तऱ्हेच्या भाषणांना लवादाने कलंक म्हटलं. आता कुणाचं खरं मानायचं?

ज्युरी आणि आपण

मराठी श्रोत्यांना इथे नानावटी खटला आठवल्याशिवाय राहणार नाही. 1959 साल, मुंबई. नौदलाचा देखणा अधिकारी, पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडलेला. ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी त्याला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे शिक्षा झाली, आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वर्तमानपत्रांनी आणि गणवेशाने ज्युरीला भुरळ घातली, असं तेव्हापासून आपण म्हणत आलो. ज्युरी आपल्याकडे हळूहळू गेलीच, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. तो फौजदारी मामला, हा दिवाणी, हा फरक आहेच. पण प्रश्न एकच. बारा सामान्य माणसांच्या भावनेवर न्याय सोपवावा का?

कोर्टाचं दुसरं टोक बघायचं तर चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आठवा, 2014 चा. तिथे कुणी भाषण ठोकत नाही. तारखा पडतात, कलमं वाचली जातात, सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाक करते. एका लोकशाहिराचं आयुष्य त्या रटाळ कारभारात झिजतं. 'द बेरिअल'मध्ये न्याय गर्जना करत येतो, 'कोर्ट'मध्ये तो जांभई देतो. दोन्ही चित्रपट आम्ही एकाच आठवड्यात पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट जाणवली. 'कोर्ट' आपल्याला चीड आणतो आणि ती चीड घरी घेऊन जायला लावतो. 'द बेरिअल' आपली चीड तिथल्या तिथे फेडून टाकतो. पन्नास कोटींचा आकडा ऐकला की आपलं देणं चुकतं झालं असं वाटतं. ही आमची त्याच्यावरची मुख्य तक्रार.

पण, आणि हा 'पण' आम्हाला महत्त्वाचा वाटतो, आम्ही लवादाच्या बाजूने पूर्णपणे उभे राहू शकत नाही. काही लाखांच्या वादाला पन्नास कोटी हे कराराच्या तराजूत बसत नाही, हे कबूल. परदेशी म्हणून कुणाला कोर्टात झोडपू नये, हेही कबूल. तरी त्या बारा जणांना काहीतरी दिसलं होतं, जे करारात लिहिलेलं नव्हतं.

काय दिसलं असेल? सुरुवातीला म्हणालो ते आठवा, मरणाच्या दारात घासाघीस होत नाही. शोकात बुडालेला माणूस चार दुकानं फिरत नाही. एका दिवसात ठरवायचं असतं. घेतलेली वस्तू परत करता येत नाही. आयुष्यात दोन-तीनदाच येणारी खरेदी, त्यामुळे भावाचा अंदाज नसतो. मग तो कशावर विसंबतो? पाटीवरच्या नावावर. 'आजोबांचं यांनीच केलं होतं' या एका आठवणीवर.

आणि या साखळ्या नेमकं तेच विकत घेतात. फ्युनरल होम विकत घेतल्यावर त्या पाटी बदलत नाहीत. जुन्या घराण्याचं नाव तसंच राहतं, कित्येकदा जुना मालक पगारी माणूस म्हणून दारात उभा राहतो. मागच्या बाजूला मात्र प्रेतं ठेवण्याची जागा, गाड्या, कामगार हे सगळं आसपासच्या चार-पाच शाखांत मिळून एकच. खर्च वाचतो. तो वाचलेला पैसा गिऱ्हाइकाकडे जात नाही, भागधारकांकडे जातो. जेसिका मिटफर्ड यांनी 1963 साली 'द अमेरिकन वे ऑफ डेथ' लिहून या धंद्यातली लूट चव्हाट्यावर आणली. 1984 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला, की प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा दर वेगवेगळा लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. चांगला नियम आहे. पण खरा मालक कोण, हे त्या दरपत्रकावर लिहिण्याची सक्ती त्यात नाही. पेटीची किंमत कळते, पाटीची कळत नाही.

आमच्या मते ज्युरीला राग आला तो याचा. तो राग त्यांनी चुकीच्या वादात, चुकीच्या आकड्यात आणि भडकवलेल्या शब्दांत व्यक्त केला असेल. पण राग खोटा नव्हता. लवादाने भाषणं तपासली, तो राग तपासला नाही. त्याचं ते कामही नव्हतं. ते काम कलेचं होतं. चित्रपटाकडे दोन तास होते. त्याने तो राग दाखवला, पण त्याला एक खलनायक दिला आणि खलनायक हरल्यावर आपल्याला घरी पाठवलं.

आपल्याकडचं

शेवटचा मुद्दा. आपल्याकडे मृत्यूभोवतीच्या कामाला प्रतिष्ठा नाही. प्रेमानंद गज्वी यांच्या 'किरवंत' नाटकात अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला त्याचेच जातभाई कसे दूर ठेवतात ते आहे. काम सगळ्यांना हवं, करणारा कुणाला नको. स्मशानात राबणाऱ्या माणसांची जात तर आपण विचारतही नाही, कारण ठाऊक असते. अमेरिकेत हे काम प्रतिष्ठेचं झालं आणि मग विकाऊ झालं. आपल्याकडे ते प्रतिष्ठेचं न होताच विकाऊ होऊ लागलंय. मुंबई-पुण्यात मुलं परदेशी, आई-बाप एकटे, शेजारी ओळखत नाहीत. गल्लीतला तो जाणता माणूस आता नाही. त्याची जागा फोनवरचं 'पॅकेज' घेतंय. रुग्णवाहिका, भटजी, सामान, दाखला, अस्थिविसर्जन, सगळं एका रकमेत. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. एकट्या माणसाची ती मोठीच सोय आहे, आणि ती नसती तर कित्येकांचं शेवटचं कार्य नीट झालं नसतं. पण या धंद्यात उद्या मोठा पैसा उतरला, तर आपण काय विचारणार आहोत? दर लिहून द्या, हे तरी विचारणार का? मालक कोण, हे विचारणार का? की तेव्हाही, मरणाच्या दारात कशाला, म्हणून गप्प बसणार?

म्हणून आमचं म्हणणं, 'द बेरिअल' जरूर बघा. फॉक्ससाठी बघा, जोन्ससाठी बघा. पण टाळ्या वाजवून झाल्यावर ती चर्चमधली माणसं आठवा, जी साक्ष देऊन आपापल्या घरी गेली. त्यांच्या घरात पुढचं मयत झालं असेल तेव्हा ती कुठल्या दारात गेली असतील, त्या दारावर कुणाचं नाव असेल, आणि पावती कुणाच्या नावाने फाटली असेल, एवढा विचार चित्रपटाने केला नाही. तो आपण करू.

आम्ही इथे थांबतो. लवादाच्या निवाड्याबद्दल दोघा-तिघांचे हात मघाशीच वर झाले होते, तेव्हा प्रश्नोत्तरं तिथूनच सुरू करू.